हलक्या स्टेअरिंगची गाडी

भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत बरेच लोक जातात. वज्रेश्वरीला जायचं असो की वाड्याला, अंबाडीचा नाका लागतोच. पण अंबाडी सोडल्यावर डोंगराकडे जो अरुंद रस्ता फुटतो, त्याने तिथे राहणाऱ्यांखेरीज फारसं कोणी जात नाही. मी जन्मापासून भिवंडीजवळच्या कोन गावचा. हा रस्ता घरापासून अर्ध्या दिवसाच्या आत आहे, तरी मी कधी गेलो नव्हतो. गेल्या चैत्रात गेलो, एका नव्या पिकअपमध्ये बसून, आणि दुसऱ्या दिवशी परतलो. गाडीविषयी मी जरा जास्तच लिहीन. माझं आयुष्य गाड्यांचे हौदे, म्हणजे मागची माल भरायची जागा, बांधण्यात गेलं आहे, आणि जे सांगायचं आहे तेही गाडीच्या बांधणीतच आहे.

कोन

कंपनी पिकअप देते तेव्हा तिचा हौदा कंपनीच्या मापाचा असतो. भिवंडीला ते माप कधी पुरलं नाही. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधून लूमवर जाणारे बीम, म्हणजे लोखंडी नळीवर गुंडाळलेलं ताण्याचं सूत, लांब आणि जड असतात. कापडाच्या गाठी उंच रचाव्या लागतात. म्हणून नवी गाडी पासिंग झाली की आधी आमच्या कारखान्यात यायची. आम्ही मागे दोन-अडीच फुटांची शेपटी जोडायचो, फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, मागे सरकवायचो, बाजूंना जाळी चढवायचो. हे नियमात बसत नाही हे आम्हाला माहीत होतं, गाडीमालकाला माहीत होतं, रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवणाऱ्यालाही माहीत होतं. ही शेपटी या भागात पहिल्यांदा मी जोडली. नंतर बाकीच्यांनी उचलली. अजूनही भिवंडीत ‘कोनचा हौदा’ म्हटलं की लोकांना कळतं.

या हौद्याची एक ख्याती होती. गाडी नेलेला ड्रायव्हर पुन्हा भेटला की म्हणायचा, मिस्त्री, स्टेअरिंग लोण्यासारखं झालं. तेव्हाच्या पिकअपना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. भरलेली गाडी वळवताना खांदे भरून यायचे. माझ्या हौद्याने ते हलकं व्हायचं. मी ते कौतुक घेतलं, गिऱ्हाइकांनाही तेच सांगू लागलो. खरी गोष्ट अशी की वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात. आम्ही ज्याला लोणी म्हणत होतो तो रस्ता सुटत चालल्याचा इशारा होता.

हे मला समजलं ते लहानूच्या अपघातानंतर. लहानू हा डोंगरातल्या पळसपाड्यावरचा आदिवासी ड्रायव्हर. माझ्या हौद्याची गाडी तो चालवायचा. अंबाडीच्या पुढच्या वळणावर भरली गाडी वळली नाही, सरळ शेतात गेली. बीम घरंगळला आणि लहानूचा उजवा हात कोपरात मोडला. तो सांगत होता, पुढची चाकं पाण्यावर गेल्यागत झाली, मी वळवली पण ती वळली नाही. त्याच्या केबिनमध्ये मोहाच्या वाळल्या फुलांचं गाठोडं होतं. ते फुटून कपड्यांना दारूसारखा वास लागला होता. गाडीच्या मालकाने मला विचारलं, असं होऊ शकतं का? मी म्हणालो, गाडी वळली नाही म्हणजे वळवणारा शुद्धीत नसणार. माझा शब्द या धंद्यात चालायचा. लहानू दारू पिऊन गाडी चालवत होता असं ठरलं, आणि त्याला पुन्हा कोणी गाडी दिली नाही.

ती गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आली. दुरुस्त झाल्यावर बीम भरून मी स्वतः ती खाडीकडच्या रस्त्याने काढली. वळणावर पुढचं टोक बाहेर सरकू लागलं तेव्हा लहानू काय सांगत होता ते माझ्या हातांना कळलं. मी परत आलो, त्या एका गाडीची शेपटी गुपचूप फूटभर कापली आणि गप्प बसलो. बाकीच्या गाड्यांना तशीच जोडत राहिलो.

आता कारखाना माझा पुतण्या विलास बघतो. फाल्गुनात एक तिशीची बाई स्वतः नवी पिकअप चालवत आली आणि शेपटी जोडून मागू लागली. पाड्यावरचा मोगरा आणि भाजी कल्याणच्या बाजारात न्यायची, टोपल्या फार असतात, असं तिचं म्हणणं. नाव सुनंदा. गावाचं नाव तिने सांगितलं, पळसपाडा, तेव्हा मी बापाचं नाव विचारलं.

"लहानू," ती म्हणाली. "पूर्वी तोही डायव्हर व्हता. आता गाडीत बसत बी न्हाय. दारूनं घात केला त्याचा."

स्वतःच्या बापाबद्दल ती हे बोलली, आणि तेही सहज, पाऊस कमी पडला म्हणावं तसं. विलास मापाची टेप घेऊन पुढे झाला होता. मी त्याला थांबवलं. सुनंदाला म्हणालो, तुमचा रस्ता आणि माल आधी बघतो, मग हौद्याचं ठरवू. ती म्हणाली, पाडव्यानंतर गावदेवापुढे गाडीची पूजा हाय, तेव्हाच चला. विलासने घरी गेल्यावर मला सुनावलं. "काका, गिऱ्हाईक दारात उभं हाय आणि तुमी त्याच्याच घरी पाव्हणे चालले. डोकं ठिकाणावर हाय ना?" मला दोन गोष्टी करायच्या होत्या. ती शेपटी लागू द्यायची नव्हती, आणि लहानूच्या पोरीला बापाबद्दलचं खरं सांगायचं होतं.

धामणकर नाका

सुनंदाने मला कोनला सकाळी उचललं. आधी भिवंडीतल्या धामणकर नाक्यावर दोरी, ताडपत्री आणि पूजेचे हार घ्यायचे होते.

गाडीचं वर्णन करतो. दार हलकं आहे, लागताना पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो. आत मात्र मोटारीची ऐट आहे. सीट मागेपुढे होते, पाठ टेकते. आमच्या वेळी फळकुटावर रेक्झिन ठोकलेलं असे, आणि दिवसभर चालवून उतरलेला ड्रायव्हर आधी कंबर धरून उभा राही. गिअरचा दांडा खालून वर, डॅशबोर्डजवळ आणला आहे. ते चांगलं केलं, मधल्या माणसाच्या गुडघ्याला आता तो लागत नाही. एसी आहे. आरसे मोठे आहेत. स्टेअरिंगच्या बाजूला पडदा आहे, त्यावर मागच्या कॅमेऱ्यातलं दिसतं, आणि गाडी कुठे आहे ते सुनंदाच्या नवऱ्याला फोनवर कळतं. तो गोदामात शिफ्टला असतो. "मी चहाला थांबली तरी त्याचा फोन येतो," ती म्हणाली. "गाडी माजी, हप्ता माजा, आन् राखण त्याची."

बंपर प्लास्टिकचा आहे. नाक्यावरच्या गर्दीत एका रिक्षाने तो घासला आणि ओरखडा उमटला. लोखंडी असता तर रिक्षावर उमटला असता. भिवंडीत बंपर लोखंडीच हवा, हे माझं मत मी बदलणार नाही.

भिवंडीत नव्या गाडीवर मत द्यायला ओळख लागत नाही. दुकानाशी गाडी उभी केली तर तिघे-चौघे भोवती फिरू लागले. एकाने टायरला लाथ मारली, एकाने फाळक्याची कडी उघडझाप केली. कापडाच्या दुकानातला माणूस म्हणाला, ड्रायव्हरला एसी दिला की ड्रायव्हर झोपतो. एका रिक्षावाल्याने गाडीच्या तोंडावर शेरा मारला की जुन्या गाड्या बैलासारख्या दिसायच्या, ही सासूसारखी डोळे बारीक करून बघते. गाठी उतरवणारा एक उत्तर प्रदेशचा हमाल हौद्यात चढून उभा राहिला. पाय टाकून त्याने लांबी बघितली.

"गाड़ी बढ़िया है चचा," तो मला म्हणाला, "लेकिन पीछे से छोटी है. कोन में बढ़वा लो. वहाँ का एक मिस्त्री है, उसके हाथ का हौदा लगा तो स्टेरिंग मक्खन."

सुनंदा हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यही तो है वो मिस्त्री." हमालाने उतरून माझे दोन्ही हात हातात घेतले. मी ते सोडवून घेतले आणि दोरीच्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने गाडीला दृष्ट लागू नये म्हणून मागे राक्षसाच्या तोंडाची काळी बाहुली बांधून दिली. ती नेमकी कॅमेऱ्यापुढे लटकली. सुनंदाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली तर पडद्यावर दात विचकलेलं एक थोबाड हलत होतं, आणि त्याच्या मागे कोणाची तरी हातगाडी होती. हातगाडीवाला ओरडला म्हणून वाचला. बाहुली सोडून बाजूला बांधली, तेव्हा नाक्यातून बाहेर पडलो.

अंबाडी

भिवंडी सोडल्यावर बराच वेळ दोन्ही बाजूंना गोदामंच लागतात. पूर्वी तिथे भातशेती होती. आमचीही थोडी होती, तीही गेली. मग गोदामं विरळ होतात आणि डोंगराच्या रांगा पुढे येतात. चैत्रात गवत वाळलेलं, पळसाची फुलं गळायला आलेली, आणि कुठे कुठे मोहाच्या झाडाखाली सारवून स्वच्छ केलेल्या जागेवर बाया फुलं वेचत होत्या.

अंबाडीला नाक्यावर थांबून पूजेच्या जेवणासाठी तांदळाचं पोतं घेतलं. हौदा उघडा आणि रस्ता धुळीचा, म्हणून पोतं मधल्या सीटवर ठेवलं. गाडी चालू केली तर टुंग टुंग सुरू. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की पोत्याने पट्टा बांधलेला नाही अशी गाडीची तक्रार आहे. सुनंदाने पोत्याला पट्टा बांधला. आवाज बंद झाला. पुढचा प्रवास आम्ही तिघांनी पट्टे बांधून केला.

अंबाडीला वडा खाल्ला, चहा घेतला. तिथे पिकअपवाल्यांचा अड्डा आहे. बाजारभाड्याच्या गाड्या रांगेत उभ्या असतात आणि ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळतात. त्या रांगेतल्या निम्म्या गाड्यांच्या शेपट्या मी लांबूनही ओळखत होतो.

चालवताना सुनंदा एका हाताने स्टेअरिंग फिरवते. एका बोटानेही फिरेल. मी तिला विचारून रिकाम्या रस्त्यावर थोडी गाडी चालवून पाहिली. ब्रेक चांगले आहेत. स्प्रिंगचे पाटे नरम केले आहेत, त्यामुळे रिकामी गाडी पूर्वीसारखी उड्या मारत नाही. पण स्टेअरिंगबद्दल माझं मत कंपनीला आवडणार नाही. जुन्या गाडीत रस्ता हाताला कळायचा. भार चुकला तर स्टेअरिंग हलकं होऊन सांगायचं, ऐकणारा शहाणा असेल तर. या गाडीत ते कायमच हलकं आहे. पुढची चाकं धरून आहेत की सुटली आहेत, हाताला काहीच फरक लागत नाही. अशा गाडीला शेपटी जोडायची म्हणजे आंधळ्याची काठी काढून घ्यायची.

मी परत माझ्या सीटवर बसलो आणि थोड्याच वेळात ते वळण आलं. सुनंदाने वेग कमी केला.

"बाबा हितंच पडला," ती म्हणाली. "मी तवा पाचवीला व्हती. शाळंत पोरं चिडवायची, तुजा बाप गाडीला पन पाजतो."

बोलायची जागा तीच होती. मी तोंड उघडलं, आणि विचारलं की हा रस्ता पावसाळ्यात वाहून जातो का. ती म्हणाली, जातो. मग उजव्या हाताचा फाटा आला आणि आम्ही डोंगराकडे वळलो.

पळसपाडा

पाडा उतारावर आहे. कुडाच्या भिंतींची आणि कौलांची घरं, प्रत्येकाभोवती मोकळं अंगण. उताराच्या खालच्या बाजूला मोगऱ्याचे वाफे आहेत. पाटाचं पाणी नाही, विहिरीवरून मोटर लावून देतात. संध्याकाळी कळ्या मोजून पुड्या बांधतात आणि पहाटे त्या बाजाराला निघतात. कळी उमलायच्या आत पोचली तरच भाव, म्हणून गाडी. आतापर्यंत हे लोक दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बसत आणि कळ्या पिशवीत फुलत.

इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. आम्हा आगऱ्यांतही जुन्या माणसांची हीच रीत, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते जेवण. आमच्याकडे पाहुण्याला ताटात खाडीची मासळी नसली तर घरची बाई दिवसभर ओशाळी असते. इथे नाचणीची भाकरी, वालाची पातळ आमटी आणि भाजलेल्या सुकटीची चटणी वाढली, आणि कोणी ओशाळलं नाही. भाकरी इतकी गरम होती की बोटं बदलत खावी लागली. मी दोन खाल्ल्या.

लहानू अंगणाच्या टोकाला मोहाची फुलं पसरत होता. उजवा हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नाही. त्याने मला लगेच ओळखलं.

"मिस्त्री हाय ना तू? म्हातारा झाला की रे," तो म्हणाला आणि फुलं पसरत राहिला.

मी म्हणालो, तुझ्याशी बोलायचं आहे. तो म्हणाला, पूजा व्हऊ दे.

नव्या गाडीची पूजा घरातल्या वडीलधाऱ्याने करायची असते. नारळ त्याने फोडायचा, चाकांखालच्या लिंबांवरून गाडी त्याच्या शब्दाने पुढे काढायची. गाडी गावदेवापुढच्या मोकळ्या जागेत उभी होती. पाडा जमला होता. नारळ लहानूच्या धाकट्या भावाच्या, जान्याच्या हातात होता. मी सुनंदाला हळूच विचारलं की बाबा का नाही? ती म्हणाली, "त्याचा हात नको म्हनतात लोक. गाडीला चांगला न्हाय." लहानू सगळ्यांच्या मागे एका दगडावर बसला होता. तिथून त्याला हे ऐकू आलं असणार.

तेव्हा मी बोललो. मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हणालो की नारळ जरा थांबवा, या गाडीला मी शेपटी जोडणार नाही, आणि का नाही ते दाखवतो. जान्या वैतागला. "पूजा झाल्यावं दाखव ना, पळून जाते काय गाडी?" तरी लोकांना तमाशा हवाच असतो, त्यांनी वाट करून दिली.

मी सुनंदाला इंजिन बंद करायला लावलं, पण स्टेअरिंगचं कुलूप लागू नये म्हणून चावी आतच ठेवली. इंजिन बंद असलं की या गाडीचं स्टेअरिंग जुन्या गाडीसारखं जड होतं. आधी जान्याला आत बसवून फिरवायला सांगितलं. त्याने दात चावून अर्धा फेरा फिरवला. मग दोन जाड फळ्या हौद्यात घातल्या, आतल्या टोकावर भाताची पोती रचली आणि बाहेरचं टोक मागे काढलं, शेपटी असते तेवढंच. त्या टोकावर पाच दांडगे गडी बसवले. मागचे पाटे दबले, गाडीचं नाक वर झालं. बायका हसू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, बैलगाडी उलाळ झाली बघा. तिने माझं काम सोपं केलं. बैलगाडी मागे जड झाली की जू वर उचलतं आणि बैलाच्या मानेवर भार राहत नाही, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

"आता फिरव," मी जान्याला म्हणालो.

त्याने फिरवलं, ते सहज फिरलं, आणि हात थांबवून त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फिरवलं. त्याच्यामागून आणखी दोघांनी फिरवून बघितलं. सुनंदाने बघितलं. ती खाली उतरली आणि बाजूला उभी राहिली. तिला कळायला लागलं होतं असं मला वाटतं.

लहानू दगडावरून उठून आला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. तो आत चढला, डाव्या हाताने दार ओढून घेतलं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, उजवा जमेल तसा. थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे.

"हेच," तो म्हणाला. "अस्साच झाला व्हता."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. हौदा माझा होता. त्या दिवशी गाडी वळली नाही ती शेपटीमुळे. लहानू प्यायलेला नव्हता, तो वास फुलांचा होता. मालकाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

फळीवरचे पाच जण अजून तसेच बसले होते, त्यांना उतरा म्हणायचं मी विसरलो होतो. लहानू खिडकीतून म्हणाला, "तुला कवा कळला?"

"गाडी दुरुस्त झाली तेव्हा. मी चालवून बघितली."

"म्हंजे तवाच."

"तेव्हाच."

"मना वाटला तुला बी ठाव नसंल," तो म्हणाला. "इतकी वर्सा मी म्हनायचो, मिस्त्रीला ठाव असता तर बोलला असता तो."

मी फळीवरच्या पाच जणांना उतरायला सांगितलं.

जान्याने हातातला नारळ भावापुढे धरला. लहानू खाली उतरला, नारळ घेतला आणि डाव्या हाताने दगडावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. मग तो गाडीपुढे उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, "काढ पुढं." सुनंदाने लिंबांवरून गाडी काढली. तिने बापाकडे बघितलं नाही. गाडी उभी करून ती स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिली. मग लहानू जाऊन शेजारच्या सीटवर बसला. ती दोघं काय बोलली ते मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळा होईन. तसं झालं नाही. रात्री त्यांच्या ओसरीवर झोपायला त्यांनी मला गोधडी दिली, आणि पहाटे निघताना लहानू फाट्यापर्यंत चालत आला. तिथे त्याने खिडकीवर हात ठेवला.

"पाड्याला सांगितलास त्ये बरा केलास," तो म्हणाला. "पन बदनामी पाड्यानं कुठं सुरू केली? अंबाडीच्या अड्ड्यावर केली. तिकडं बोल."

पुन्हा अंबाडी

उतरताना गाडीत पहिल्यांदाच खरा माल होता. मोगऱ्याच्या पुड्या, भेंडी, काकडी. कंपनीच्या हौद्यात टोपल्या नीट बसवल्या तर सगळं मावतं, हे मी पाड्यावरच दाखवून दिलं होतं. जड खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे. दोरीचे हूक कंपनीने बाहेरून दिले आहेत, आतून हवे होते, म्हणजे ताडपत्री ओढताना टोपली चेंगरणार नाही. एवढी दुरुस्ती मी तिला करून देणार आहे.

फाट्यावर बापाचं बोलणं सुनंदाने ऐकलं होतं. कळ्या उमलायच्या आत बाजार गाठायचा होता, तिला थांबायला वेळ नव्हता. तरी अंबाडीच्या अड्ड्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"उतरा, काका," ती म्हणाली.

झाडाखाली पत्त्यांचा डाव चालू होता. मी माझं नाव सांगितलं. दोघा-तिघांनी उठून बसायला जागा दिली, एकाने चहा सांगितला. चहा यायच्या आत मी बोललो. लहानूचं नाव घेऊन, वळणाचं नाव घेऊन. वयस्कर ड्रायव्हरांपैकी एकाला ते आठवत होतं.

"लहानू म्हंजे तो बेवडा ना?"

"नाही," मी म्हणालो. "तो शुद्धीत होता. हौदा माझा चुकला होता."

"मी त्याची पोर हाय," मागून सुनंदा म्हणाली. ती गाडीतून उतरून आली होती. त्या माणसाने पत्ते खाली ठेवले.

बाकीच्यांनी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. एक म्हणाला, काका, म्हातारपणी पुतण्याचा धंदा बुडवताय का. दुसरा म्हणाला, आमची गाडी इतकी वर्षं चालते, कधी काही झालं नाही. मी म्हणालो, लहानूचीही त्या दिवसापर्यंत चालत होती. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत हाताला कळणारही नाही, हेही सांगितलं. कोणाला पटलं, कोणाला नाही, मी चेहऱ्यांवरून सांगू शकत नाही. डाव पुन्हा सुरू झाला.

तो वयस्कर ड्रायव्हर मात्र डावात परतला नाही. तो त्याच्या गाडीपाशी गेला आणि मागच्या चाकापासून फाळक्यापर्यंत हाताने मापू लागला. गाडी जुनी होती. जोड माझ्याच हातचा होता, वेल्डिंग बघून मला कळलं. मी जवळ गेलो तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, "किती कापायचा?"

सुनंदा म्हणाली, मला उशीर होतोय. मी तिला म्हणालो, तू जा, मी रिक्षाने येईन. तिची गाडी नाक्यावरून कल्याणच्या दिशेने गेली. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, त्या माणसाच्या गाडीखाली वाकलो आणि मागच्या एक्सलवर हात ठेवला.

"इथून मोजायचं," मी म्हणालो. "धर टेप."